सांडव्यावरची पोती

हौसाक्का,

तू असतीस तर म्हणाली असतीस, "मेलेल्या माणसाला कागद कसला लिव्हती, वैनी? आन् मला वाचता येतंय का?" नाही येत, माहीत आहे. तू समोर बसलीस आणि मी वाचून दाखवतेय असं समज. तालुक्याच्या ऑफिसातून घरकुलाचा कागद आला की दाखवायचे, तसंच.

तुझा दहावा होऊन आज चार दिवस झाले. गावात अजून तुझ्याचविषयी बोलणं चाललंय. हौसाबाईनं अंगणवाडीतली चौदा मुलं वाचवली, आपली मेंढरं वाहून जाऊ दिली, पण पोरांना आच लागू दिली नाही. सगळं खरं आहे. त्या चौदा मुलांबरोबर पंधरावी मी होते, तेव्हा माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक? पण या गोष्टीचा एक तुकडा पाच महिने कुणीच बोललं नव्हतं. मीही नाही, तूही नाही. तो मी दहाव्याला बोलले. आधी तुझ्याजवळ बोलायला हवा होता, तेवढंच राहिलं.

मी या गावात लग्न होऊन आले त्या वर्षी सासऱ्यांनी वावरात मेंढरं बसवली होती. लेंडीखत होतं म्हणून आमच्याकडे तेव्हा सगळेच बसवायचे. सासूबाईंनी मला भाकरी घेऊन पाठवलं. तू बांधावर बसून एका कोकराच्या कानातली गोचीड काढत होतीस. माझ्याकडे न बघताच विचारलंस, "म्हायेर कुठलं?"

"मंचरच्या पुढं," मी म्हणाले.

"मंग आमच्या वाटंवरचंच हाय. तिकडच्या बाया भाकरी जाड करत्यात." आणि टोपली उघडून भाकरी बघितलीस. "तू बी जाडच केली."

मला रडू आलं होतं. तुझ्याहून चार वर्षांनी लहान, सासरी येऊन आठ दिवस झालेले. तू ती भाकरी अख्खी खाल्लीस, वर कोरड्यास मागून घेतलंस आणि दुसऱ्या दिवशी मला पातळ भाकरी थापायला शिकवायला चुलीपुढं येऊन बसलीस. सासूबाईंना आवडलं नाही ते. तुला त्याची पर्वा नव्हती.

तेव्हापासून आपण भांडत आलो. मी अंगणवाडीत लागले तेव्हा तू म्हणालीस, दुसऱ्याची पोरं सांभाळून स्वतःची कधी सांभाळणार. माझी दोन्ही मुलं तुझ्या अंगाखांद्यावर मोठी झाली, ते बोलून दाखवायचं मात्र तुला सुचलं नाही. खालच्या वस्तीवर, ओढ्याच्या कडेला अंगणवाडीची स्लॅबची खोली झाली आणि तुझं रोजचं येणं सुरू झालं. खिचडी शिजली की तू दारात हजर. बोटावर घेऊन चाखणार. "मीठ कमी." मी म्हणायची, लहान पोरांना एवढंच पुरतं. "पोरं हायती, आजारी न्हाईत," तू म्हणायचीस. आणि जाताना जीभ टाळ्याला लावून चट् चट् करायचीस, मेंढरांना बोलवतात तसं. सगळी पोरं उठून तुझ्यामागं दाराबाहेर. मी चिडायची. त्यांना पुन्हा ओळीत बसवता बसवता माझा जीव जायचा, आणि तू पुढं जाऊन मागं वळून हसायचीस.

आमचे हे गेले तेव्हाही तू भांडलीसच. बाकी बायका येऊन माझ्या गळ्यात पडायच्या. तू आलीस आणि म्हणालीस, "म्हशीला वाळलेली वैरण टाकलीया. ती काय खाणार? तुला कळत न्हाई का?" मी त्या म्हशीवरून तुझ्याशी इतकी भांडले, इतकी भांडले की भांडून झाल्यावर मला भूक लागली. चार दिवसांत पहिल्यांदा. तू काही न बोलता ताट वाढलंस. मला ते तेव्हा समजलंच नव्हतं.

आता तलावाचं.

वस्तीच्या वर, ओढ्यावर मातीचा बांध घालून केलेला आपला पाझर तलाव. त्यानं गावाच्या विहिरीला पाणी उतरलं, नाहीतर आम्ही बायका टँकरच्या मागं हंडे घेऊन धावायचो ते तू पाहिलंस. पण फेब्रुवारी संपला की तलाव आटायचा आणि एप्रिलात विहिरीचा तळ दिसायचा. तलाव भरला की जादा पाणी बाजूच्या सांडव्यावरून, त्या दगडी वाटेवरून निघून जायचं. पावसाळ्यात ते जाताना दिसलं की मला एप्रिलातले रिकामे हंडे आठवायचे. बचत गटाच्या बैठकीत मीच म्हणाले, सांडव्यावर पोती रचू, दोन हात पाणी जास्त थांबेल. कल्पना माझी होती. दुसऱ्या कुणाची नाही.

खताच्या रिकाम्या पिशव्यांत मुरूम भरून आम्ही वीस-बावीस जणी दोन दिवस राबलो. तू मेंढरं घेऊन बांधावरून चालली होतीस. थांबलीस.

"हे काय करताय, वैनी?"

"पाणी अडवतोय, अक्का. वाया जातं सगळं."

"वाया कुठं जातं? त्याच्या वाटंनं जातं."

"आणि उन्हाळ्यात मेंढरांना काय पाजणार तू?"

"ते मपलं मी बघंन. बांध मातीचा हाय. माती पाणी किती धरंल त्याला बी माप असतं. ही वाट त्याच्यासाठीच सोडलीया, ती बुजवू नका."

"इंजिनिअर झालीस का काय आता?" मी म्हणाले, आणि सगळ्याजणी हसल्या.

ते हसू मला अजून ऐकू येतं. वीस-बावीस बायकांचं, दमलेलं, मोकळं हसू. तू पण हसलीस थोडी. तू उभ्या जन्मात किती तळ्यांवर मेंढरं पाजली असशील. अंगात बळ होतं तोवर दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचीस, पाऊस लागायच्या आत परत. वाटेतला प्रत्येक बांध तुला पायांनी माहीत. आणि मी दहावी पास, मी तुला इंजिनिअर म्हणाले.

त्या उन्हाळ्यात विहिरीला मे महिन्यातही पाणी होतं. बायका मला वाटेत थांबवून सांगायच्या. एक म्हातारी तर पाया पडायला वाकली. तू हंडा भरायला आलीस तेव्हा मी मुद्दाम विहिरीवर थांबले होते.

"बघ, अक्का."

"बघितलं," तू म्हणालीस. ओंजळभर प्यालीस. "ग्वाड हाय पाणी. पण ती पोती काढ."

पुढच्या वर्षी आम्ही आणखी एक थर चढवला, वर दगड लावले. तू रोज यायचीस, खिचडी चाखायचीस आणि दर पंधरा दिवसांनी जाताना म्हणायचीस, "पोती काढली का?" मी म्हणायची, नाही. "बरं," म्हणून निघायचीस. भांडणाचं आता गाणं झालं होतं आपल्या. मला वाटायचं, तुला सवयच आहे.

मग गेल्या भाद्रपदातला तो पाऊस. गणपती विसर्जन झालं आणि लागला तो थांबेचना. तीन दिवस सूर्य दिसला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तू माझ्या दारात आलीस. घोंगडीतून पाणी गळत होतं.

"चल. पोती काढू. चार बायांना हाक मार."

"या पावसात कोण येईल, अक्का? उद्या उघडलं की बघू."

"उद्या म्हंजी कव्हा?"

मी चहाचं आधण ठेवत होते. तुझ्याकडे पाठ होती. मी म्हणाले, "आत्ता पोती काढली आणि पाऊस थांबला, तर उन्हाळ्यात अख्ख्या गावातल्या बाया मला शिव्या देतील."

दारात घोंगडी झटकल्याचा आवाज आला. मग म्हणालीस, "शिव्या देयाला बाया ऱ्हायल्या पायजेत."

मी वळले तर तू पायऱ्या उतरत होतीस. इतक्या वर्षांत माझ्या घरून चहा न घेता तू तेवढी एकदाच गेलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या आयांनी मुलं अंगणवाडीत आणून सोडली. शाळेला सुट्टी होती, पण घरं पत्र्याची, सगळीकडे गळत होतं. अंगणवाडीची खोली पक्की, पोरं निदान कोरडी राहतील, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं. मदतनीस बाईला येता आलं नव्हतं, म्हणून मी एकटीच. चौदा मुलं सतरंजीवर बसवली आणि गूळ-शेंगदाणे वाटले.

तू त्या वेळी सांडव्यावर होतीस. पहार घेऊन एकटी गेली होतीस, हे मला दहाव्यानंतर तुझ्या पोरानं, महादूनं सांगितलं. चिखलात रुतलेली, पाणी पिऊन दगड झालेली ती पोती एकट्या बाईला हलणार होती का? दोन काढलीस म्हणे. मग बांधाच्या पायथ्याला आलीस. तिथं नेहमी जरासं पाझरायचं, नितळ. त्या दिवशी ते लालगढूळ होतं आणि उड्या मारत होतं. तू नेहमी सांगायचीस, नितळ पाझरतंय तोवर बांध धड आहे, गढूळ झालं की त्याच्या पोटातली माती चालली.

महादू घराबाहेर गुरं सोडत होता. त्याला लांबूनच ओरडलीस, घरंघर जा, सगळ्यांना टेकाडावर काढ. ओढ्याच्या पलीकडं तुझा वाडा, त्यात तुझी चाळीस मेंढरं कोंडलेली. अलीकडं अंगणवाडी. तू अलीकडं पळालीस.

मी खिडकीतून तुला बघितलं. साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, पहार अजून हातात. साठीची बाई अशी पळते हे मी कधी पाहिलं नव्हतं. आणि तू हाक मारलीस ती "वैनी" नव्हती.

"ए मंगल! पोरं काढ! आत्ताच्या आत्ता!"

माझ्या नावानं तू मला तेवढी एकदाच हाक मारलीस. म्हणून मी काही विचारलं नाही.

विचारलं नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळेना. चौदा मुलं. सगळ्यात मोठं पाच वर्षांचं. दोघींनी किती उचलायची? एक रडायला लागलं तशी तीन रडायला लागली. एक टेबलाखाली जाऊन बसलं. मी एकाला धरलं की दुसरं निसटायचं. आणि तू दारात उभी राहिलीस, दम खाल्लास, आणि जीभ टाळ्याला लावून चट् चट् केलंस.

पोरं गप्प झाली. तू पाठ फिरवलीस आणि चालायला लागलीस. पळाली नाहीस. रोज दुपारी चालायचीस तशी. चट् चट्. आणि ती उठली, अक्का. एकामागं एक. टेबलाखालचं पण उठलं. मी सगळ्यात धाकटी दोन काखेत घेतली आणि मागं राहिले, मेंढरांच्या मागं राहतात तशी. पावसात, चिखलात, काट्याकुट्यातून, बिरोबाच्या टेकाडावर. मध्येच एक पोरगी पडली, तू न थांबता वाकून तिला खांद्यावर घेतलंस आणि आवाज चालूच ठेवलास. काही पोरं तर हसत होती. त्यांना वाटलं, आज आज्जी लांब फिरायला नेतेय.

आपण देवळाच्या पायरीशी पोचलो आणि आवाज आला. डंपर खडी ओततात तसा, पण न थांबणारा. बांध मधोमध फाटला. पाणी नव्हतं ते, चिखल आणि दगड आणि झाडं. अंगणवाडीची ओढ्याकडची भिंत गेली, मग स्लॅब एका बाजूनं कलला आणि बसला. पलीकडं तुझा वाडा होता तिथं क्षणभर पांढरं पांढरं दिसलं. मग ते पण दिसलं नाही.

"तिकडं बघायचं न्हाई," तू पोरांना म्हणालीस. "देव बघा. देवाकडं तोंड करा." एकेकाची हनुवटी धरून तू त्यांची तोंडं गाभाऱ्याकडं वळवलीस. तू स्वतः मात्र वळली नाहीस. उभी राहून बघत राहिलीस, सगळं होईपर्यंत.

मग मला विचारलंस, "चौदा भरली का?"

मी मोजली. दोनदा मोजली. "भरली, अक्का."

"मंग बस खाली. तुपले पाय कापत्यात."

वस्तीतली नऊ घरं गेली. वावरं खरवडून निघाली, विहिरीत गाळ भरला. माणूस एकही गेलं नाही. पंचनाम्याला साहेब आले, पेपरवाले आले. कुणी म्हणालं ढगफुटी, कुणी म्हणालं बांधाचं काम कच्चं, कुणी म्हणालं खेकड्यांनी पोखरला. पोत्यांचं कुणी बोललं नाही. ती तर वाहूनच गेली होती. गटातल्या आम्ही सगळ्या एकमेकींच्या नजरा चुकवत होतो.

त्या तरुण साहेबांनी तुला खुर्चीवर बसवून विचारलं, तो प्रसंग मी विसरू शकत नाही. मी तुझ्या शेजारी उभी होते.

"आजी, तुम्ही सगळ्यात आधी पाहिलं. काय दिसलं?"

"पायथ्याला गढूळ पाणी दिसलं."

"आणि सांडवा? पाणी नीट जात होतं का? त्यावर काही टाकलेलं होतं का?"

तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. पोरगं खोडी करताना सापडलं की आई बघते ना, तसं. मग साहेबांना म्हणालीस, "माजं ध्यान न्हवतं, दादा."

तू खोटं बोललीस. भाकरी जाड झाली तर तोंडावर सांगणारी तू. आदल्या दिवशी पोती काढायला पावसातून आलेली तू. मला त्या क्षणी बोलता आलं असतं. जीभ हलली नाही. मी स्वतःला समजावलं की आत्ता हे बोललं तर वस्तीच्या लोकांची मदत अडकेल, गटातल्या गरीब बायका गोत्यात येतील, माझी नोकरी जाईल. कारणं चांगली होती. चांगली होती म्हणूनच त्यांच्या आड इतके दिवस बसता आलं.

नंतरचे महिने तू शाळेच्या खोलीत काढलेस, मग पत्र्याच्या खोलीत. मी रोज डबा आणायची. अंगणवाडी देवळाच्या मंडपात भरायला लागली, तर तिथंही तू यायचीस, बोटावर खिचडी घ्यायचीस. "मीठ कमी." पोरांना घेऊन फिरायला मात्र जाईनास. मेंढरं गेल्यापासून तो आवाज तुझ्या तोंडून निघाला नाही. मुलं मागायची, "आज्जी, चट् चट् कर की." तू म्हणायचीस, "दात दुखतोय."

आपण सगळं बोललो त्या महिन्यांत. नातीचं स्थळ, महादूची पाठदुखी, कांद्याचं रोप. तुझ्या एका मेंढीविषयी तू तास तास बोलायचीस, ती म्हणे तुझ्या हातची शिळी भाकरी सोडून दुसऱ्याच्या हातचं खायची नाही. फक्त त्या एका गोष्टीपाशी आलं की मी उठून भांडी आवरायला लागायची, आणि तू मला आवरू द्यायचीस.

थंडीत तुझा खोकला वाढला. छातीत पाणी झालं म्हणून तुला जुन्नरला दवाखान्यात ठेवलं. मी त्या सोमवारी एसटीनं आले. गाडीत अख्खा वेळ मनात वाक्यं जुळवत होते. अक्का, चूक माझी होती. अक्का, तू आली होतीस आणि मी आले नाही. तुझ्या कॉटजवळ स्टुलावर बसले. तू केवढीशी झाली होतीस. मी तोंड उघडलं, आणि तू म्हणालीस, "आधी चहा पिऊन ये जा. उभ्यानं आली असंल गाडीत." मी चहा पिऊन आले. तुझा डोळा लागला होता. मी अर्धा तास तुझा हात धरून बसले, मग शेवटची गाडी चुकेल म्हणून उठले. गुरुवारी पुन्हा येणार होते. बुधवारी सकाळी महादूचा फोन आला.

दहाव्याला नदीवर किती माणसं होती ते तुला सांगते. मांडव पुरला नाही. स्पीकर लावला होता. आपल्याकडे दहाव्याला भाषणं होतात, तुला त्याचा किती राग यायचा. एकामागून एक पुढारी उठले. निसर्गाच्या कोपातून हौसाबाईंनी लेकरं वाचवली. निसर्गापुढं कुणाचं चालतं. निसर्ग, निसर्ग. बायकांच्या घोळक्यात बसून मी ऐकत होते. मग मी उठले. बाईमाणूस तिथं सहसा उठत नाही, त्यामुळं माईकवाल्याला वाटलं मला वाट हवी आहे. मी म्हणाले, माईक दे.

"हौसाबाईनं पोरं पावसापासून नाही वाचवली," मी म्हणाले. "माझ्यापासून वाचवली. सांडव्यावर पोती मी लावायला लावली. दोन वर्षं ती काढा म्हणत होती. आदल्या दिवशी माझ्या दारात आली होती. मी गेले नाही."

स्पीकरची घरघर तेवढी ऐकू येत होती. मी माईक खाली ठेवला. माझ्या मागून शेवंता उठली, गटातली. "पोती आमी बी भरली," ती म्हणाली. "एकट्या वैनीचं नाव घेऊ नका." मग आणखी दोघी उठल्या. एक माणूस चप्पल घालून तडक निघून गेला. आणि जिची पोरगी तू खांद्यावर घेतली होतीस, ती आई माझ्यासमोर आली. "ताई, माझी पोर त्या खोलीत व्हती," एवढंच म्हणाली. मी म्हणाले, हो. ती पोरीला घेऊन गेली. चार दिवस झाले, तिनं पोरीला अंगणवाडीत पाठवलेलं नाही. तिचं बरोबर आहे. मी तिच्या दारात जाणार आहे, पण अजून नाही. आधी तिला हवा तेवढा राग करू दे.

परवा मी सगळं लिहून तालुक्याच्या ऑफिसात दिलं. सही केली. खाली शेवंतानं आणि पाच जणींनी सह्या केल्या. नवा बांध घालायचं चाललंय, त्या आधी सांडव्याचं कागदावर असलेलं बरं. पुढं काय होईल ते होईल. नोकरी राहील का, माहीत नाही. मला आश्चर्य वाटतं ते याचं की दहाव्याच्या रात्रीपासून मी पुन्हा पोटभर जेवतेय.

आता महादूचं सांगते. नदीवरची माणसं पांगली, मी घाटाच्या पायरीवर बसले होते. तो शेजारी येऊन बसला. डोकं नुकतं भादरलेलं, तुझ्यासारखेच कान. मला वाटलं, हा आता बोलेल ते मला ऐकावं लागेल.

"काकू," तो म्हणाला, "मला म्हाईत व्हतं. आईनं त्याच दिशी सांगितलं व्हतं, देवळात."

"मग तू बोलला का नाहीस? तुझी मेंढरं गेली. घर गेलं."

"बोलणार व्हतो. साहेब आले तव्हाच बोलणार व्हतो. तिनं शपथ घातली. म्हणाली, ते वैनीचं हाय, वैनीला बोलू दे. आपण बोललो तर ती जन्मभर खाली मान घालून फिरंल. तिची ती बोलली तर मान वर ऱ्हाईल."

नदीला पाणी थोडं होतं, नितळ. पलीकडच्या काठावर कुणीतरी गाडी धूत होतं.

"आन् तू दवाखान्यात येऊन गेलीस ना, सोमवारी," महादू म्हणाला. "ती संध्याकाळी उठली. मला इचारलं, वैनी काय बोलली का? मी म्हणलं, न्हाई, नुसती बसून गेली. मला राग आला व्हता, काकू, खोटं कशाला बोलू. मी म्हणलं, ती न्हाई बोलायची आता. तर आई हसली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बोलंल. शिकल्याली बाई हाय, तिला जरा येळ लागतो."

लागला, अक्का. लई येळ लागला.